पाच सुपाऱ्या

मुलुंडला आम्ही बिऱ्हाड केलं तेव्हा स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. नवी दुमजली इमारत, भोवती भातखाचरं आणि बाकीच्या खोल्यांना कुलपं. हे सकाळी साडेसहाला कुर्ल्याच्या कारखान्यात जात, ते दिवेलागणीला परत. मी कोकणातल्या बारा माणसांच्या घरातली. "जरा गप्प बस गं" हेच ऐकत मोठी झाले. इथे गप्प बसवायलाही कोणी नव्हतं.

आधी रडले. मग भांड्यांवर डाफरायला लागले. मग एके दिवशी डब्यातून पाच सुपाऱ्या काढल्या. पूजेला बायको हजर नसली तर तिच्या जागी सुपारी मांडतात, मग मी शेजारणींच्या जागी मांडल्या तर काय बिघडलं? रोज दुपारी त्यांना पाटावर मांडायचं, कुंकू लावायचं आणि गप्पा मारायच्या. त्यातली एक महा आगाऊ. माझ्या आमटीला नावं ठेवायची. हसू नका, मला तिचं बोलणं ऐकू यायचं.

एकदा हे लवकर घरी आले. मी त्या आगाऊशी कडाकडा भांडत होते.

"कोण आलंय?" यांनी विचारलं.

मी पाटाकडे बोट दाखवलं. यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या दिवसापासून हे माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसे हळू बोलायला लागले. त्याची मला भयंकर चीड यायची.

शेवटी म्हणाले, "चैत्रातलं हळदीकुंकू कर. बायका मी बोलावतो. ते धड पार पडलं नाही, तर तुझ्या वडिलांना पत्र घालतो, घेऊन जा म्हणून."

वेड लागलं म्हणून माहेरी परत आलेली एक बाई मी लहानपणी पाहिली होती. तिला मागच्या पडवीत ठेवलेलं असे.

स्टेशनपलीकडच्या तीन बायका आल्या. मी पन्हं दिलं, आंब्याची डाळ दिली. पण तोंडातून शब्द फुटेना. महिनोन्‌महिने ज्यासाठी तळमळले ती माणसं समोर बसली होती आणि मला वाटत होतं, कधी एकदा जातात! विड्याचं तबक पुढे केलं. त्यात माझ्या पाचही जणी होत्या. सण होता, त्यांना कसं वगळायचं?

थोरल्या बाईंनी कमरेच्या चंचीतून अडकित्ता काढला, एक सुपारी उचलली आणि कट्‌कन फोडली.

"अहो, मारलंत तिला!" मी किंचाळले.

हे गॅलरीतून धावत आत आले. "आता हिच्या वडिलांना पत्रच घालतो," म्हणाले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तबकातल्या कुंकू लागलेल्या बाकीच्या सुपाऱ्यांकडे. दोन्ही फोडी त्यांनी माझ्या हातात ठेवल्या.

"दिवसभर एकटीच असतेस का गं?"

मी मान हलवली आणि हमसाहमशी रडले.

त्या यांना म्हणाल्या, "पत्रबित्र काही घालू नकोस रे. दुपारची माझ्याकडे धाडत जा हिला."

दुसऱ्या दिवसापासून जायला लागले. पहिले आठ दिवस नुसती त्यांच्या शेजारी बसून गहू निवडले. नवव्या दिवशी त्यांनी माझ्या आमटीची कृती विचारली आणि मी बोलले.

उरलेल्या चार सुपाऱ्या अजून डब्यात आहेत. घर आता नातवंडांनी भरलेलं आहे. पण घरात एकटी असले की तो डबा मी उघडत नाही.