ताणलेली साखळी आणि पऱ्हाटीचा धूर

अठरा एप्रिल रोजी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या मोटारसायकलची साखळी सैल असल्याचा निर्णय मी दिला. अपिलाची सोय आमच्या घरात नाही.

त्याच दिवशी दहा वाजता कळंबला सौभाग्यवतींच्या भाचीचे साक्षगंध होते. आत्याने ओटी भरल्याशिवाय मुलीला पाटावर बसवायचे नाही, हा माझ्या सासुरवाडीचा शिरस्ता. आत्या म्हणजे आमची ही.

"आजच कायले खोलता ते? बसनं जाऊ ना!"

"सैल साखळीने प्रवास करणे बेजबाबदारपणाचे आहे."

मी मागच्या चाकाचे नट सोडले, चाक मागे ओढले, साखळी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली आणि नट आवळले. नऊला निघालो. यवतमाळ मागे पडताच गाडी कण्हू लागली.

"अहो, जळका वास येऊन राह्यला."

"कोणीतरी शेतात पऱ्हाटी जाळत असेल." (पऱ्हाटी म्हणजे कापसाची वाळकी झाडे; उन्हाळ्यात आमच्याकडे कोणत्याही जळक्या वासाला हे उत्तर पुरते.)

"पण धूर तं आपल्याच मागून येऊन राह्यला!"

"वारा तिकडचा आहे."

चढ लागला. गाडी चढेना. मी हिला ओटीच्या सामानासह उतरवले आणि रिकामी गाडी वर नेली. ही पायी आली. माझ्या आधी पोचली!

वर दोन मोटारसायकलस्वार थांबले.

"काका, प्लग घासा."

"प्लग नाही बे, हवा कमी हाय!"

मी प्लग घासला. हवाही अंगठ्याने दाबून पाहिली. हिने मागच्या चाकाकडे बोट दाखवले.

"चाक पाहा ना! तिथूनच निघून राह्यला धूर."

"ते चाक आज सकाळी मी स्वतः बसवले आहे," मी म्हणालो. चौकशी संपली.

तेवढ्यात एसटी आली. हिने हात दाखवला, बस थांबली. पायरीवरून ही एवढेच म्हणाली, "पऱ्हाटी विझली की या."

बस दिसेनाशी झाल्यावर मी चाक हाताने फिरवून पाहिले. फिरेना. चाक मागे ओढले की ब्रेकची सळईही ताणली जाते; म्हणून शेवटी ब्रेकचा नट सैल करावा. हा नियम चहाच्या टपरीवर साऱ्या पेन्शनरांना मीच शिकवला आहे! मी घरापासून ब्रेक लावूनच निघालो होतो. चाक निवेपर्यंत बाभळीखाली बसलो, मग नट सैल केला.

कळंबला पोचलो तेव्हा ओटी भरून झाली होती, अंगठ्या घालून झाल्या होत्या, शेवटची पंगत उठत होती.

"या, जवाईबुवा!" मेहुणा म्हणाला. "ताईनं सारं सांगतलं. आमच्याही गाडीची साखळी पाहता का?"

मांडव हसला. मी हात धुवायला बाहेर गेलो, तर तिघांनी लगबगीने आपापल्या गाड्या दूर नेऊन लावल्या.

परतताना मी हिला गाडीवर बसण्याचा आग्रह केला नाही. बसस्थानकावर यवतमाळची एसटी लागताच गर्दीत शिरलो, खिडकीतून रुमाल टाकला आणि हिच्यासाठी जागा धरली. त्या दिवशी माझ्या हातून पहिल्याच प्रयत्नात नीट झालेले काम ते एवढेच.