वरच्या कोर्टासाठी ठेवलेलं पत्र

सोलापूरहून परदेशी निघाले तेव्हा टॅक्सी दारात उभी होती आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, माझी फाइल पुन्हा तपासत होते. त्यांची हयात जिल्हा न्यायालयात कारकुनी करण्यात गेली. "सगळे कागद एकदम काढायचे नाहीत," ते म्हणाले. "एखादा वरच्या कोर्टासाठी ठेवावा."

"अहो, ती नोकरीला चाललीय, खटल्याला नाही," आई म्हणाली.

बारा वर्षांनी, पिस्कॅटवेत असताना, ग्रीन कार्डाच्या अर्जावर इमिग्रेशन खात्याने माझ्या पुण्यातल्या आधीच्या नोकरीच्या अनुभवाचे पुरावे मागवले. माझ्याकडे दोन पत्रं होती. कंपनीचं त्रोटक, जुन्या मॅनेजरचं तपशीलवार. मी त्रोटक पाठवलं. दुसरं राखून ठेवलं, वकिलांनाही दाखवलं नाही. अर्ज नामंजूर झाला.

खात्याविरुद्ध दाद फेडरल कोर्टात मागायची. पहिली पायरी डिस्ट्रिक्ट कोर्ट, आमचं नूअर्कला. दावा तयार करताना मी दुसरं पत्र काढलं. वकील मराठीच, सगळे त्यांना काकू म्हणतात.

"हे तेव्हा कुठे होतं?"

"घरी."

"अगं, खात्यापुढे जे होतं तेवढंच जज बघतो."

"मग अपिलात देऊ, काकू."

"वर गेलं तरी फाइल तीच जाते. सोलापूर नाही हे."

नूअर्कच्या न्यायाधीशाने कागद वाचून आमच्याविरुद्ध निकाल दिला. आम्हाला बोलावलंही नाही. फिलाडेल्फियाच्या अपील कोर्टात तीन न्यायाधीश होते. साक्षीदार नाहीत, नवा पुरावा नाही, दोन्ही वकिलांना मोजकी मिनिटं. एका न्यायाधीशाने विचारलं, अर्जदाराने याहून तपशीलवार पत्र का दिलं नाही? काकू म्हणाल्या, रेकॉर्डमध्ये तसं पत्र नाही. मी मागच्या बाकावर होते. पत्र माझ्या पर्समध्ये होतं.

उरलं सुप्रीम कोर्ट. कोणती प्रकरणं ऐकायची हे ते स्वतः ठरवतं आणि बहुतेक ऐकत नाही. लांबलचक यादीत आमची एक ओळ आली: नाकारलं. कारण देण्याची पद्धत नाही.

इथे ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेल्यांनी जे आहे ते पहिल्याच पाकिटात घालावं. तिकडच्यांना कळवायचं ते हे, की व्हिसाची मुदत आता वाढत नाही. आम्ही जूनमध्ये येतोय. अण्णांनी फोनवर विचारलं, "त्याच्या वर कोणी नाही?" मी नाही म्हटलं. त्या पत्राबद्दल बोलले नाही.

मुलगी इथे जन्मली. ती नागरिक आहे, तिला कोणी जा म्हणू शकत नाही. काल सामान बांधताना मी तिला म्हटलं, "आपण घरी जातोय."

"हूज होम?" तिने विचारलं. ती खोक्यावर स्वतःचं नाव लिहीत होती.

मी टेप ओढली आणि पुढचं खोकं बंद केलं.