कालवडी वल्लरीच्या, गवत रॉसचं

आपली मुलगी न्यूझीलंडमध्ये नेमकं काय करते, हे वल्लरीच्या आईला आजतागायत नीट कळलेलं नाही. कोथरूडच्या सोसायटीत ती "डेअरी इंडस्ट्रीत आहे" असं सांगून मोकळी होते, आणि ऐकणाऱ्या बायकांना वाटतं, काचेचं ऑफिस असेल, गळ्यात ओळखपत्र असेल. वल्लरीही ते दुरुस्त करत नाही. रोज पहाटे रबरी एप्रन बांधून चारशे गाईंच्या मागच्या बाजूला उभं राहावं लागतं, हे फोनवर सांगायला जीभ रेटत नाही, आणि सांगायचं म्हटलं तरी अंगात त्राण कुठे असतं?

ती आली होती शिकायला. ऑकलंडला बिझनेसची पदविका, पापाटोएटोला तिघींत एक खोली, संध्याकाळी दुकानाचा गल्ला. शिक्षण संपलं, व्हिसा संपत आला आणि बिझनेसवाल्यांना तिची काही गरज नव्हती. गरज होती वायकाटोतल्या गोठेवाल्यांना. मुलाखतीत विचारलं, गाईची भीती वाटते का? ती नाही म्हणाली. पुण्यात दुधाशी तिचा संबंध पिशवी कापण्यापुरता, पण पोटाची वेळ आली की माणूस धडधडीत खोटं बोलतो. पुढे लग्न झालं, नवरा सुयश दुधाचा टँकर चालवू लागला, इरावती झाली आणि वल्लरी नोकरीवरून करारावर आली.

हा करार म्हणजे काय, ते एकदा समजून घ्यायला हवं. जमीन रॉसची. गाई रॉसच्या. दूध काढायची शेड रॉसची, आणि वल्लरी राहते ते चार खोल्यांचं घरही रॉसचंच. वल्लरीचे फक्त हात, आणि दुधामागे ठरलेला दर. करार एक जूनला सुरू होतो आणि मेअखेरीस संपतो. ज्याचं जमत नाही तो एक जूनला फ्रीज, गाद्या, पोरंबाळं ट्रकमध्ये भरून दुसऱ्याच्या गोठ्यावर जातो. त्या आठवड्यात सगळ्या मुलखाचे रस्ते अशा बिऱ्हाडांनी भरतात आणि शाळेतल्या बाईंना हजेरीपट नव्याने लिहावा लागतो.

या करारातून वर चढायची पायरी एकच, ती म्हणजे स्वतःच्या गाई. गाई तुमच्या आणि जमीन मालकाची, मग दूध अर्धं-अर्धं. तिथे माणूस मजूर राहत नाही, वाटेकरी होतो. वल्लरीने ती पायरी मनात धरली होती.

सुरुवात झाली ती एका उशिरा जन्मलेल्या वासरापासून. हंगामाच्या शेवटी जन्मलेली वासरं रॉस ठेवत नसे, चार दिवसांत त्यांना न्यायला ट्रक येई. तो ट्रक कुठे जातो हे वल्लरीला ठाऊक होतं, आणि त्या दिवशी ती मुद्दाम शेडच्या पलीकडच्या टोकाला काम काढायची. एकदा मात्र एका तांबड्या कालवडीने तिचं बोट तोंडात धरलं आणि सोडेचना.

"रॉस, ही मी ठेवू? दुधाची पावडर माझी."

"Sweet as," रॉस म्हणाला, म्हणजे खुशाल ठेव. "मागच्या पॅडॉकमध्ये सोड. गवत काय, खूप आहे."

झालं. पुण्यात चार मोठ्या माणसांत दिलेला शब्द जसा पाळला जातो, तसाच वल्लरीने हा धरला. तिथेच चुकली बाई. तो शब्द नव्हता, ती मेहेरबानी होती. पण पॅडॉकच्या कुंपणात हिरवंगार गवत गुडघाभर वाढलेलं असताना दोन्हींतला फरक कोणाच्या लक्षात येतो?

दोनेक हंगाम गेले, दर वेळी उशिराच्या कालवडी ती ठेवून घेत गेली आणि एकीच्या एकतीस झाल्या. ऑकलंडच्या सँडरिंगहॅममधल्या देशी दुकानातून आणलेल्या फराळाच्या डब्यासमोर बसून इरावतीने त्यांची नावं ठेवली. पहिली तांबडी करंजी, मग शेव, शंकरपाळी, अनारसा. चालताना पाय वाकडा टाकणारी ती चकली. थोरल्या कालवडी आता गाभण होत्या. अजून थोडा धीर धरला, की वल्लरी अर्ध्या वाट्याची बोलणी करायला बसणार होती.

या वर्षी तिथल्या डिसेंबर ते फेब्रुवारीच्या उन्हाळ्यात पावसाने तोंड दाखवलं नाही. एप्रिल आला तरी माळ पिवळेच. नव्या कराराचं बोलायला रॉस आला, तो दुखऱ्या खुब्याने लंगडत, बादलीभर फीजोआ घेऊन. दर शरदात तो आपल्या झाडाची ही हिरवी, पेरूसारख्या वासाची फळं आणतो. माणूस मनाने वाईट नाही, हेच खरं दुखणं आहे. वाईट असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

"दर जरा खाली आणावा लागेल," तो म्हणाला. "तुझ्या कालवडी गवत खातात ना, तेही धरायला हवं."

"पण ते तुम्ही आधीच..."

"तेव्हा गवत होतं, वल्लरी." तो खिडकीतून बाहेर बघत म्हणाला. "बघ, पटत नसेल तर दुसरीकडे बघायला तू मोकळी आहेस."

मोकळी! एकतीस जनावरं घेऊन मोकळी! तिने आठवडाभर फोन केले. एका गोठ्यावर जागा होती, पण माणसांपुरती. कालवडी म्हटल्यावर सगळीकडे तेच ऐकू आलं, आमच्याच गाईंना पुरत नाही. हळूहळू तिच्या डोक्यात उजेड पडला आणि तो पडल्यावर ती अंगणातल्या पायरीवर बसली. वर चढायला म्हणून ज्या जोडल्या, त्यांनीच तिला खुंट्याला बांधलं होतं. रॉसला हे माहीत होतं. तो काही लबाडी करत नव्हता, नुसता थांबला होता.

"विकून टाक," टँकरवरून आलेला सुयश बूट काढता काढता म्हणाला.

"अरे, गाभण आहेत त्या. मी बाटलीने वाढवल्यात."

"माहितीये गं. पण त्या आहेत तोवर तो म्हणेल तिथे सही करावी लागेल. या वर्षी, पुढच्या वर्षी, दर वर्षी." तो तिच्याशेजारी बसला. "मला पण आवडत नाहीये. पण heaps of लोक असेच अडकलेत, रोज बघतो मी."

तो बरोबर बोलत होता म्हणूनच तिला त्याचा राग आला.

दक्षिणेकडे पाऊस झाला होता आणि तिकडचा एक शेतकरी घ्यायला तयार झाला. भाव पडलेला होता, तरी तिने हो म्हटलं. ट्रक आला तेव्हा या वेळी ती दूरच्या टोकाला गेली नाही. कालवडी तिच्याच होत्या, तेव्हा चढवायच्याही तिनेच. करंजी फळीवर थबकली, तिने मागे वळून पाहिलं आणि वल्लरीच्या हाताचा धक्का लागताच शहाण्यासारखी आत गेली. चकलीपाशी मात्र ड्रायव्हरने मान हलवली. लंगडं जनावर इतक्या लांबच्या प्रवासाला घेता येणार नाही, नियम आहे. तीस गेल्या, एक राहिली.

दुसऱ्या दिवशी रॉसची यूट, मागे उघडा हौदा असलेली त्याची गाडी, दारात उभी. पुन्हा फीजोआ.

"मागच्या पॅडॉकमध्ये काही दिसलं नाही," तो म्हणाला.

"विकल्या."

करार संपायला महिनाच उरलेला, रॉसच्या खुब्याचं ऑपरेशन तोंडावर आणि आता खरोखरच मोकळी झालेली बाई समोर. मग त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "दर जुनाच ठेवू. चालेल?"

कालपर्यंत न परवडणारा दर एका रात्रीत परवडू लागला होता. तिला हसूही आलं नाही, इतकी ती थकली होती.

"जुना दर, आणि कराराच्या कागदात एक पॅडॉक. माझ्या जनावरांना."

"वल्लरी, गवताला मी कधी नाही म्हटलंय?"

"नाही म्हटलं नाहीत. म्हणूनच लिहून हवंय."

"त्यापेक्षा दर थोडा वाढवून देतो ना."

तेव्हा तिला कळलं की आपण नेमकी जागा धरली आहे. पैसे सुटत होते, गवत सुटत नव्हतं. पैसा एकदा देऊन संपतो, गवत दिलं की आपल्याच कुंपणाच्या आत दुसऱ्याचा पाय पडतो.

"दर नको," ती म्हणाली.

"पण आता जनावरं आहेतच कुठे तुझी?"

तिने शेडच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे चकली तीन पायांवर भार टाकून पाण्याच्या टाकीला अंग घासत होती.

रॉसने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. "पंपामागचा देतो," तो शेवटी म्हणाला.

पंपामागचा म्हणजे दलदलीचा, लव्हाळ्याने भरलेला, रॉसच्या गाईही जिथे तोंड लावत नाहीत असा. तीस कालवडी देऊन वल्लरीने तो तुकडा मिळवला होता, आणि तोही वर्षापुरता. पण लिहून.

दुपारच्या दुधाची वेळ झाली होती. एप्रन बांधायला ती निघाली, तेवढ्यात शाळेच्या बसमधून उतरून इरावती धावत आली.

"Aai, so are we moving?"

"नाही गं," वल्लरी म्हणाली. "या वर्षी नाही."