मागे कोण उभं राहणार

माझी जाऊ परत आली ती माझ्याच प्रार्थनेने, पण हे मी कुणाला सांगायला जात नाही. दर बुधवारी कोपरखैरण्यात कुणा ना कुणाच्या घरी आमच्या चर्चच्या मंडळीची प्रार्थनासभा असायची. पाळकसाहेब विचारायचे, कुणाचा काही प्रार्थनेचा विषय? मी न चुकता तोंड उघडायचे, "माझ्या जावेसाठी. प्रभूने तिला घरी आणावं." बाया हळहळायच्या, केवढं मन गं तुझं म्हणायच्या. मलाही बरं वाटायचं. आता खरं सांगते, ती येईल असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

ती गेली तेव्हा तिची मुलगी तीन वर्षांची होती. गेली म्हणजे दुसऱ्या माणसाबरोबर गेली, उघडच सांगायचं तर. माझा दीर कितीतरी दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होता. पोरगी आमच्या घरात वाढली. मला दोन मुलगे, मुलगी नाही. तिच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या, कांजिण्या आल्या तेव्हा कडुलिंबाच्या पाल्याने वारा मी घातला, जेवणाआधी डोळे मिटून हात जोडायला मी शिकवलं. ती मला मम्मी म्हणायची. आई कुठे आहे असं विचारायला लागली, तेव्हा मी सांगितलं की दुबईला, नोकरीला. खोटं बोलणं पाप आहे, मला काय माहीत नाही? पण एवढ्याशा जिवाला काय सांगणार! घरात सगळ्यांना तंबी दिली होती, दुबई म्हणजे दुबई.

आणि पोरगी आठवीत असताना ही बाई दारात उभी. वाळून काडी झालेली, हातात एक पिशवी. दिराने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिला आत घेतलं. पुढे तिने मंडळीसमोर उभं राहून रडत रडत साक्ष दिली, आपण कशा भरकटलो आणि देवाने कसं परत आणलं ते सांगितलं. पाळकसाहेब म्हणाले, देवाने हिचं मागचं सगळं सोडून दिलंय, आपण ते उकरायला जायचं नाही. त्याचं शहाणपण आपल्यापेक्षा मोठं आहे. सगळे म्हणाले आमेन. मीही म्हणाले. पण इतकी वर्षं दर रविवारी वेळेवर येऊन बसणाऱ्या माझ्याकडे साक्ष कुणी कधी मागितली होती का? आणि मागितली असती तरी काय सांगणार होते, की मी कुठेच गेले नाही?

त्या तिघांनी दोन गल्ल्या सोडून भाड्याने खोली घेतली. पोरगी गेली. मी मम्मीची मोठी मम्मी झाले. माझ्या हातच्या दोन घट्ट वेण्या जाऊन तिच्या पाठीवर एक सैल वेणी आली. बारीकशी गोष्ट, पण ती वेणी दिसली की माझ्या डोक्यात तिडीक जायची. "आई काय मस्त बोंबील करते!" असं एकदा म्हणाली, तर मी महिनाभर बोंबील आणले नाहीत. नवरा विचारून थकला. भांडी घासता घासता मी देवाशी भांडायचे. म्हणायचे, अरे, मी मागत होते ते मागायची रीत म्हणून. तू खरंच द्यायचंस का? हेच का तुझं शहाणपण?

एक शनिवार तेवढा माझा उरला होता. आमच्याकडे प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीसाठी उपासनेत सगळे वाटून खातात ती भाकर घरी करायची पद्धत आहे, आणि ती अनेक वर्षं मीच करते. मैदा, पाणी, थोडं तेल. मीठ नाही, खमीर नाही. मंद आचेवर भाजायची आणि सुरीने छोटे चौकोन पाडायचे. प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी पोरगी लाटायला यायची. ते दोन तास मी कुणाला देत नव्हते.

यंदा तिचं दृढीकरण होतं. पोरं कळती झाली की मंडळीपुढे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करतात आणि त्या दिवशी पहिल्यांदा प्रभुभोजन घेतात. त्या वेळी ज्या बाईने प्रार्थना शिकवली ती मागे उभी राहून खांद्यावर हात ठेवते. बहुतेक करून आईच असते. पण प्रार्थना हिला कुणी शिकवली? मी नवी साडी आणली होती, फॉलबिडिंग करून तयार होती.

शनिवारी लाटता लाटता ती म्हणाली, "मोठी मम्मी, उद्या मागे आई उभी राहणार."

मी म्हटलं, "कोणी ठरवलं?"

"मीच. तुला सगळे सगळीकडे बोलावतात गं. आईला कुणी कुठे उभं करत नाही. लोक अजून कुजबुजतात."

मला ते समजलं. समजलं म्हणूनच जास्त झोंबलं. तोंडाला आवर राहिला नाही. "तुझी आई दुबईला नव्हती गेली. कुणाबरोबर गेली होती, ऐकायचंय?"

लाटणं थांबलं. तिने मान वर केली नाही.

"माहीत आहे मला. आईने सांगितलंय, आली त्याच आठवड्यात."

तिने भाकर उचलून माझ्या हातात दिली. "तवा तापलाय, मोठी मम्मी."

रविवारी आमची उपासना शाळेच्या हॉलमध्ये होते, बाकं पोरांची, गुडघे पोटाशी येतात. मी जुनीच साडी नेसून शेवटच्या बाकावर बसले. जाऊ तिच्या मागे उभी राहिली. तिने पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. बघवत नव्हतं आणि नजरही हलत नव्हती. तो हात माझा हवा होता. ताट फिरत आलं, त्यात माझीच भाकर. एक चौकोन उचलून मी ताट शेजारणीकडे सरकवलं.

नंतर शाळेच्या आवारात चहा होता. जाऊ कप घेऊन माझ्याजवळ आली, मागोमाग केक खात पोरगी.

"ताई, किती दिवस बोलायचं होतं," जाऊ म्हणाली. "इतकी वर्षं पोर तुमच्याजवळ होती. मी कशी गेले, त्याचा तुम्ही तिच्यापाशी चकार शब्द काढला नाहीत. दुसरी असती तर..."

चहा माझ्या हातात निवत होता. म्हटलं, सांगून टाकावं कालचं. मी तोंड उघडलं.

"कधीच नाही काढला," पोरगी म्हणाली. "अजूनसुद्धा नाही." आणि केकचा उरलेला तुकडा माझ्या हातावर ठेवला.

तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती. तिच्या आईसाठी मी वर्षानुवर्षं खोटं बोलले होते. आता ती माझ्यासाठी बोलली, आणि पहिल्या प्रभुभोजनाची भाकर तिच्या पोटात अजून जिरलीही नव्हती.