शेवटचे सात सेकंद

हे बायकोला ठाऊक नाही. ऑफिसात कुणाला ठाऊक नाही. ज्याचं नुकसान झालं त्याला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतं — पाहू.

मी यवतमाळला एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर आहे. बाहेरगावचे वार्ताहर पाठवतात ते वाचायचं, कापायचं, पानावर लावायचं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढतो आहे. ही माझी. पण चूक कशाला म्हणू? ठरवून केलं.

बंडूभाऊ आमचा उमरखेडजवळच्या ढाणकीचा वार्ताहर. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. घरी कापूस, सोयाबीन, तूर, पण दारावरची पाटी वार्ताहराची. बाजारात लोक त्याला पेपरवाले भाऊ म्हणायचे आणि त्याला ते फार आवडायचं. टाइप करणं त्याला जमत नसे. तो बोलून पाठवायचा — वऱ्हाडीत, हसत, मध्येच कुणाला तरी हाक मारत.

एकदा मी एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या निधनाची बातमी छापली. ते हयात होते. दुसऱ्या दिवशी स्वतः कात्रण घेऊन आले आणि म्हणाले, "निधनाचं राहू द्या, वय तरी बरोबर छापा." हे बंडूभाऊला कळलं. त्यानं माझ्या ओळखपत्रावरच्या फोटोला हार घातला, खाली भावपूर्ण श्रद्धांजली लिहिलं आणि त्याचं स्टिकर केलं. मग जिल्ह्यात कुणाचीही काही चूक झाली, की वार्ताहरांच्या ग्रुपवर मी हार घालून हजर. पाच वर्षं. मी दर वेळी तीन हसरे चेहरे टाकायचो — स्वतःचा चेहरा जागचा न हलवता. मी हसत नव्हतो हे कुणाला कळणार होतं?

मग वणीला माझे वडील वारले. ग्रुपवर दोन ओळी टाकल्या. खाली जोडलेले हात येऊ लागले, एकाखाली एक. आणि मध्येच ते स्टिकर आलं. बंडूभाऊचं.

मिनिटभरात त्यानं ते पुसलं. पाठोपाठ मला एकट्याला आवाज पाठवला, एक्केचाळीस सेकंदांचा. मी तो ऐकला नाही. का नाही ऐकला? कारण ऐकला असता तर कळलं असतं. आणि कळलं असतं तर सोडून द्यावं लागलं असतं. मला सोडायचं नव्हतं.

तो दोन एसट्या बदलून वणीला आलाही. स्मशानात चपला हातात धरून उभा होता. मी पाठ फिरवली.

सात महिने थांबलो.

मध्यंतरी संपादक म्हणून नवे साहेब आले होते, पुण्याकडचे. त्यांना वऱ्हाडी नीट कळत नसे, आणि आवाजातले निरोप ऐकायला वेळ नसे. त्यांनी पद्धत घालून दिली: वार्ताहरांचं बोलणं डेस्कनं शुद्ध मराठीत लिहून द्यायचं, थोडक्यात. तिसऱ्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं की माझ्या हातात काय आलं आहे.

त्या दिवशी उमरखेडकडे धो धो पाऊस. साहेबांना पाच वाजता बुडालेल्या सोयाबीनचे फोटो हवे होते. पाच वाजून गेले. ते म्हणाले, विचारा त्याला. मी विचारलं. आवाज आला. मागे पाण्याचा चुबुक चुबुक आवाज, बंडूभाऊला धाप लागलेली आणि हसू फुटलेलं —

"अबे, मी काय साहेबाचा गडी आहो का? त्याईले म्हना, लयच घाई असन तं या इकडं, उतरा पान्यात! ... गंमत करून राह्यलो बे. धा मिन्टात पाठवतो. साहेबाले सांग, रागावू नका म्हना."

आमच्याकडे बातमी जागेत बसत नसेल तर खालून कापतात. महत्त्वाचं वर, बाकीचं खाली, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. मी शिकवल्याप्रमाणे केलं. साहेबांना लिहून पाठवलं:

"ढाणकी प्रतिनिधींचे म्हणणे : मी साहेबांचा गडी आहे का? त्यांना फारच घाई असेल तर त्यांनी इकडे यावे व पाण्यात उतरावे."

एकही शब्द माझा नाही. पदरचं काहीच घातलं नाही. हसू लिहायला चिन्ह असतं — ते मी पाच वर्षं त्याच्यासाठी टाकत आलो होतो. त्या दिवशी टाकलं नाही.

साहेब केबिनमधून बाहेर आले. "असंच म्हणाला?"

"शब्दन् शब्द."

ग्रुपवर करड्या अक्षरांत ओळ उमटली, साहेबांनी बंडूभाऊला काढलं. फोटो दहा मिनिटांत माझ्याकडे आले. चांगले होते. पहिल्या पानावर घेतले, त्याच्या नावाशिवाय. मी चहा मागवला. त्या चहाची चव मला अजून आठवते, आणि ती वाईट नव्हती.

संध्याकाळी त्याचा फोन आला.

"काहून चिडले बे साहेब? तू बरोबर सांगतलं ना?"

"जे बोललात तेच सांगितलं, बंडूभाऊ."

"मंग माह्याच तोंडाचा दोष आहे, बापा. तुह्यावर तं काही आलं नाही ना?"

नाही म्हणालो.

महिनाभरात ढाणकीला दुसरा मुलगा नेमला. बंडूभाऊनं पाटी काढली. दाराच्या वर भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिला आहे. मी गेलो होतो पाहायला — मुद्दाम गेलो होतो.

आणि त्यानंतर, सगळं आटोपल्यावर, ते एक्केचाळीस सेकंद ऐकले. तो रडत होता. "चष्मा नोता बापा, हात जोडाले गेलतो, भलतंच दाबल्या गेलं. निंगालोच आहो, येऊन राह्यलो वणीले. तुह्या बाबानं मले जेवू घातलं होतं रे." मला काय वाटलं? राग आला. त्याचाच. माझं कारण त्यानं काढून घेतलं म्हणून.

साहेब पुढे दोन वर्षं इथेच होते. माझ्या टेबलापासून बारा पावलांवर. बंडूभाऊचा तो पावसातला आवाज त्यांना एकदा ऐकवला असता तर पुरे होतं. भाषा कळली नसती तरी हसू कळलं असतं. मी ऐकवला नाही. आठवण राहिली नाही असं नाही, रोज आठवत होतं.

तो आवाज माझ्या फोनमध्ये आहे. फोन दोनदा बदलला, दोन्ही वेळा तो नव्यात घेतला. एकोणीस सेकंदांचा आहे. शेवटचे सात मी लिहून देताना कापले होते. त्यात तो हसतो आहे, आणि रागावू नका म्हणतो आहे.