लायट तितकीच आसा

शनिवार, १३ डिसेंबर. काम होतं बाबांच्या जुन्या गाडीत मीटरच्या कडेला एलईडीची पट्टी चिकटवण्याचं. माझा आणि नवऱ्याचा वैभववाडीत लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा धंदा आहे, त्यामुळे घरात लाईटचं काम निघालं की ते माझ्याकडेच येतं. मुलगी कोल्हापुरात शिकते. कॉलेजसाठी तिला छोटीशी फिल्म करायची होती: एक म्हातारा माणूस रात्री एकटाच गाडी चालवत घरी येतो, बस्स. म्हातारा म्हणून तिचे आजोबा, गाडी म्हणून आजोबांचीच.

पट्टीवर मी स्वयंपाकघरातला बटर पेपर गुंडाळला, म्हणजे उजेड टोचत नाही. वीज गाडीतून घेतली नाही. जुनी गाडी, वेग कमी झाला की लाईट फडफडते, आणि डोळ्यांना कळलं नाही तरी कॅमेऱ्याला कळतं. म्हणून स्कूटरची बॅटरी मागच्या सीटखाली ठेवली, मध्ये फ्यूज घातला, उजेड कमी-जास्त करायला डिमर जोडला. बाबांना पांढरा सदरा बदलून काळपट घालायला लावला. गाडीच्या आत उजेड वाढला की समोरची काच आरसा होते, बाहेरचं दिसायचं बंद होतं. आमच्या धंद्यात ही अगदी साधी गोष्ट आहे. मला ती माहीत नव्हती असं मला कधीच म्हणता येणार नाही.

बाबा निवृत्त मास्तर. आई गेल्यापासून फोंडाघाटजवळच्या घरात एकटेच असतात. रोज गाडी काढून फोंड्याच्या बाजारात जायचं, पेपर घ्यायचा, दोन मित्रांबरोबर चहा प्यायचा, वाटेत कोणी हात केला तर त्याला घ्यायचं. गाडी गेली तर दिवसभर पडवीत बसून राहायचं, हे त्यांना माहीत होतं आणि आम्हालाही. पावसाळ्यात गाडी फाटकाच्या खांबाला घासली तेव्हापासून पुण्याचा भाऊ मला फोन करत होता. "तू जवळ आहेस, चावी काढून घे." मी दोनदा विषय काढला. "माझो हात अजून हलणा नाय. तुझ्या भावाक सांग, पुण्यात गाडी चलवन दाखव म्हणान," असं म्हणून त्यांनी मला वाटेला लावलं होतं.

अंधार पडल्यावर पहिली फेरी छान झाली. मुलगी पुढच्या सीटवर कॅमेरा घेऊन, मी मागे आडवी, हातात डिमर. रस्ता गावातला, वाहनं नाहीतच. बाबा मजेत होते.

"गो, ह्या फिल्मात माका बोलाचा काय नाय?"

"नाही आजोबा, फक्त गाडी चालवायची."

"मगे माझ्यासारखो हिरो तुका खंय गावतलो!"

दुसऱ्या फेरीत मुलगी म्हणाली, "आई, चेहरा काळा पडतोय. थोडी वाढव." मी वाढवली. थोडी नाही, अर्ध्याच्या वर नेली. गाडीचा वेग लगेच कमी झाला. बाबा मान पुढे काढून बघायला लागले.

"लायट वाढयलंस काय गो?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं. आणि त्याच क्षणी डोक्यात आलं, की आपल्याला सहा महिने जे जमलं नाही ते आता आपोआप होतंय.

"नाय बाबा," मी म्हटलं. "लायट तितकीच आसा."

ओढ्यावरच्या मोरीच्या अलीकडे डावं चाक रस्त्याच्या कडेवरून खाली उतरलं, गाडी कलंडल्यासारखी झाली आणि थांबली. मी डिमर खाली आणला. बाबांनी इंजिन बंद केलं. आधी नातीकडे वळले.

"तुका लागला नाय मा?"

"नाही आजोबा."

मग दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. "माका रस्तो दिसूकच नाय गो," ते म्हणाले. चावी काढून मागे माझ्याकडे धरली. "तूच घे. तुमी म्हणा होतात ता बरोबर."

परत बाबांच्या घरी येताना गाडी मी चालवली. भावाला मेसेज केला, चावी मिळाली. त्याचा हात जोडलेला इमोजी आला. बाबा दोन घास जेवून आत गेले.

भांडी घासताना मुलगी शेजारी येऊन उभी राहिली.

"आई, तू लाईट वाढवली होतीस ना? मला स्क्रीनवर दिसलं."

"हो."

"मग आजोबांना खोटं का सांगितलंस?"

"पडले असते एखाद्या दिवशी कुठेतरी गाडी घेऊन. त्यापेक्षा बरं."

"पण आज तर तूच पाडलं असतंस. मी पण होते गाडीत."

भांडं तसंच ठेवून मी हात पुसले. एक सबब अजून शिल्लक होती: डोळे चांगले असते तर त्यांना तेवढ्या उजेडातही दिसलं असतं. मी अंगणात जाऊन बाबांच्या सीटवर बसले, डिमर तिथवरच नेला आणि समोर बघितलं. काचेत माझं नाक, चष्मा आणि ब्लाउजची किनार. चार हातांवरची विहीर दिसत नव्हती. माझे डोळे गेल्याच महिन्यात तपासलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पडवीत बसले होते, आंघोळ न करता. चहा देताना मी सरळ सांगून टाकलं. लाईट वाढवली होती, तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले.

ते हसले. "ऱ्हवांदे गो बाय. माका बरा वाटूचा म्हणान सांगतंस."

मी शपथ घेतली. तरी पटेना. काल मी खोटं बोलले ते लगेच पटलं होतं.

"फिल्म बघा, त्यात दिसेल," म्हटलं तर म्हणाले, "त्या मशिनीतला माका काय कळता?"

मग मी आंब्याच्या पेट्या झाकायची काळी ताडपत्री काढली. मुलीला हाक मारली आणि दोघींनी सगळी गाडी झाकली, काच, दारं, सगळं. बाबांना हाताला धरून आत बसवलं आणि मी मागे गेले. आत मिट्ट काळोख. मुलगी बाहेर ताडपत्रीखाली डोकं घालून बॉनेटपाशी मोबाईलचा बारीक उजेड धरून उभी राहिली.

"पोरीच्या हातातलो उजेड दिसता?"

"दिसता."

मी डिमर वर नेला. "आता?"

बाबांनी मान पुढे काढली. मी खाली आणला, परत वर नेला. तीन-चार वेळा. काचेत त्यांचा चेहरा उमटत होता, जात होता.

"पुरे," ते म्हणाले. "काल तुझी पोर होती गो गाडयेत."

"हां."

"आणि माका इचारल्यावर..." वाक्य त्यांनी सोडून दिलं. दार उघडून ताडपत्रीखालून वाकून बाहेर आले, आंघोळीला गेले. खरं तर डोळे एकदा तपासून घ्या म्हणायचं होतं. रात्री चालवू नका, एवढं तरी. पण त्यांच्या डोळ्यांबद्दल बोलायला मला आता तोंड राहिलं नव्हतं, आणि ते बोलायची गरज खरोखरच असेल तर ते आणखी वाईट.

आम्ही ताडपत्री काढेपर्यंत ते कपडे घालून आले, पांढरा सदरा. माझ्यापुढे हात केला. मी पर्समधून चावी काढून दिली. मी बरोबर येऊ का, असं विचारलं नाही, त्यांनीही बस म्हटलं नाही. मुलीला मात्र म्हणाले, "येतंस काय गो? फोंड्यात भजी खाव." ती पुढे जाऊन बसली. मी फाटक उघडलं.

गाडी सरळ बाहेर पडली. मी फाटक लावलं, ताडपत्रीची घडी केली आणि चावी परत का दिली ते सांगायला भावाला फोन लावला.