आईच्या श्राद्धाला वहिनीच्या मेणबत्त्या

माझी थोरली वहिनी ओक-बुन अडुसष्टाव्या वर्षी मेणबत्त्या करायला शिकली. वोन्जू शहरातल्या त्यांच्या नवव्या मजल्यावरच्या घरात पूर्वी सोयाबीनचा एकच वास असायचा, आंबवलेल्या सोयाबीनचा. आता ती गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवून सोयाबीनचं मेण वितळवते, जरा निवलं की सुगंधी तेल घालून हळूहळू ढवळते आणि काचेच्या पेल्यांत ओतते. मग दोन आठवडे कुणी हात लावायचा नाही.

"भावजी, किमचीसारखंच आहे हे. मुरल्याशिवाय खरा वास उतरत नाही."

दादा म्हणतो, "सोयाबीन खाऊन संपेना, म्हणून आता जाळायला घेतलंय."

यंदा आईच्या श्राद्धाला तिने दुकानातल्या मेणबत्त्या आणल्याच नाहीत. चंदनाच्या वासाच्या घरच्याच दोन ठेवायच्या ठरवल्या. श्राद्धात चिठ्ठ्या बऱ्या दिसत नाहीत म्हणून आदल्या दिवशी सगळ्या पेल्यांवरच्या वासाच्या नावाच्या चिठ्ठ्या घासून काढल्या. चंदनाचे पेले आणि नातीसाठी केलेले पेले, सगळे सारखेच पांढरेशुभ्र. हुंगून ओळखेन, म्हणाली. पण आठवडाभर तेलं हुंगून आणि दिवसभर मासे तळून तिच्या नाकात काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी सातला चुंगजूचे काका आले. वय एकोणनव्वद, आमच्या घराण्यातले शेवटचे वडीलधारे. आईला आत येता यावं म्हणून दार किलकिलं केलं, दादाने मेणबत्त्या लावल्या, आम्ही वाकलो. अशा मेणबत्तीचा वास लगेच सुटत नाही, वरचं मेण वितळून त्याचं तळं व्हावं लागतं. आईपुढच्या भातात चमचा रोवायची, म्हणजे तिने जेवायला बसायची वेळ आली आणि मला वास आला. मी ओळखला, पण बोलायचा धीर झाला नाही.

काकांना झाला. "पीच? श्राद्धाला पीच?"

पीचच्या वासाने मेलेलं माणूस उंबऱ्यावरूनच मागे फिरतं. ते फळ आम्ही श्राद्धात कधी ठेवत नाही.

वहिनीने पेला नाकाशी नेला. "अगं बाई! हे तर नातीचे पेले!"

"विझवतो मी," दादा म्हणाला.

"आता काय विझवतोस? वास जिन्यापर्यंत गेला!" काका गरजले. "तुझी सासू दारातूनच परत गेली, ओक-बुन. पुढच्या वर्षीपासून श्राद्ध चुंगजूला, माझ्या सुनेकडे."

दुसरी एखादी 'सुटले बाई' म्हणाली असती. वहिनीचा चेहरा मात्र उतरला. अडतीस वर्षं या घरातल्या प्रत्येक श्राद्धाचा स्वयंपाक तिने केला होता. थोरल्या घरची सून हीच तिची ओळख होती. तिने पेला खाली ठेवला.

"काका, एक विचारू? सासूबाई होत्या तोवर माझी एक तरी चूक त्यांच्या नजरेतून सुटली का हो?"

"तिच्या? छे! मुळ्याचा काप वाकडा पडला तरी तिला पलीकडच्या खोलीतून कळायचं."

"मग? एवढी मोठी चूक मी करून ठेवलीय, आणि त्या दारातून परत जातील? नाक धरून येतील, पण मला बोलल्याशिवाय जायच्या नाहीत."

दादा उगाचच खोकला. मला हसू येत होतं म्हणून मी जमिनीकडे पाहत राहिलो. काकांनी आईच्या फोटोकडे पाहिलं. फोटोतही आईच्या भुवया चढलेल्याच आहेत.

"आलीये," ते शेवटी म्हणाले. "रोव तो चमचा. भात निवला तर त्यावरूनही ऐकवेल."

"आणि पुढच्या वर्षी? चुंगजूला?" वहिनीने विचारलं.

"चुंगजूला येऊन ती बोलणार कुणाला?"